भरलेलं बोट

"थांबा वाईच, बोट भरलंय."

सकाळच्या वेळी आमच्या मालकीणबाईंकडे काहीही मागायला गेलं, की हेच ऐकू यायचं. उजव्या हाताची तर्जनी त्यांनी उभी धरलेली असायची आणि बाकीची बोटं कामात असायची. त्या उरलेल्या बोटांनी त्या पाण्याचा कॉक फिरवायच्या, अंगण झाडायच्या, फुलपुडी सोडायच्या. तर्जनी मात्र सोवळ्यात असल्यासारखी वर आणि बाजूला. जवळ गेलं की तिचं टोक काळं दिसायचं. ती मशेरी. तंबाखू मातीच्या खापरात काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटानं हिरड्यांवर घासत बसायचं. दात घासणं हे नुसतं नाव. आमच्या भागात राहिला असाल तर अशी बाई तुम्हीही पाहिली असेल आणि तोंड फिरवलं असेल. चारचौघांत मीही फिरवायची.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मिस्टरांच्या बदलीमुळे आम्ही पनवेलला आलो आणि मला एका शाळेच्या ऑफिसात नोकरी लागली. मालकीणबाईंची शेती प्रकल्पात गेली होती आणि आलेल्या पैशातून त्यांनी ही छोटी इमारत बांधली होती. यजमान वारलेले, एकुलती एक मुलगी पळस्प्याला दिलेली. खाली त्या राहायच्या, त्यांच्या शेजारी एक भाभी, वर आम्ही नोकरदार भाडेकरू. आम्ही त्यांना तोंडावर मालकीणबाई म्हणायचो आणि जिन्यात त्यांच्या बोटाची नक्कल करून हसायचो. सगळ्यांत मोठ्यानं मी हसायची. तसं हसणं मला भागच होतं.

कारण आमच्या बाथरूममध्ये पावडरच्या डब्यामागे टिकल्यांची एक डबी होती आणि तिच्यात टिकल्या नव्हत्या. माहेरी लहानपणी दाढ दुखली म्हणून काकूनं बोटभर मशेरी लावली होती. पुढे दाढ काढली, मशेरी राहिली. रोज सकाळी कडी लावून, नळ सोडून मी हिरड्या घासत बसायची. "आमच्या हिला दात घासायला अर्धा तास लागतो, स्वच्छतेची फार आवड," असं मिस्टर पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे. तेव्हा मी चहा आणायला आत जायची.

एके दिवशी मालकीणबाईंनी मला जिन्यात गाठलं.

"वयनी, तुमच्या मोरीचं पानी मागं माज्याच आंगनात उतरतं."

"तुंबलंय का?"

"नाय. काळं येतं."

धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मालकीणबाईंनी वर-खाली बघितलं आणि आवाज उतरवला. "कोनाला नाय बोलले. बोलनार पन नाय. तुमी दुकानातली घेताव ना? ती लय खराब. मी भाजते ती घेऊन जात जा."

दुपारी त्या स्वतः कागदाची पुडी घेऊन वर आल्या आणि मिस्टरांच्या देखत म्हणाल्या, "वयनी, हळद मागितली होती ना तुमी?" पुढे कितीतरी दिवस आमच्या घरात हळद येत राहिली.

तेव्हापासून पाणी भरायच्या निमित्तानं मी खाली जायला लागले. मागच्या टाकीच्या आडोशाला धुण्याचा मोठा दगड होता. तिथं मालकीणबाई आणि भाभी आधीपासून बसायच्याच. भाभीचे मिस्टर गल्फमध्ये होते. ती पनवेलचीच, कोकणी मुसलमान घरातली, नमाज न चुकवणारी आणि विलक्षण नेटकी. तिच्या ओढणीला मी कधी चुणी पडलेली बघितली नाही, पण बोट तिचंही काळं. आम्ही तिघी त्या दगडावर ओळीनं बसायचो. तोंडात बोट असल्यामुळे सगळं बोलणं 'हं' आणि 'उं'वर चालायचं. तीन बायका एकत्र बसून गप्प आहेत असं दृश्य अख्ख्या पनवेलात तेवढ्या वेळातच दिसत असणार. मला ती बैठक फार आवडायची. तिथून उठताना मात्र मी आधी भिंतीआडून जिना रिकामा आहे का ते बघायची.

मग मालकीणबाईंच्या मुलीला दिवस गेले. काही महिन्यांनी विहीणबाईंना बरोबर घेऊन मालकीणबाई तिला पनवेलच्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. त्या संध्याकाळी त्यांनी पाण्याचा कॉक उघडलाच नाही. वरून हाका मारल्या, तरी दार उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दगडावर आल्या तेव्हा त्यांचं बोट कोरडं होतं. ते त्यांनी पदरात गुंडाळून धरलं होतं.

"पोरीचे दात बघितले डॉक्टरीणबाईनी," त्या म्हणाल्या. "म्हनाल्या, पोटातलं मूल वाढत नाय, आदी मशेरी बंद कर. तर पोर काय बोलली? सगळ्या बायका बसलेल्या बाकड्यावर. त्यांच्यासमोर बोलली, हिनंच लावली मना. दाढ दुखायची तवा हिनंच बोटानं लावली. आदी हिला सोडाया सांगा, मग मी सोडते."

भाभी म्हणाली, "पोरगी रागात बोलली असेल."

"खरं तेच बोलली ती. विहीन एक शबद बोलली नाय. नुसती माज्या बोटाकडं बघत रायली. घरी येईपर्यंत मना ह्ये बोट कुठं ठेवू कळत नव्हतं."

माझी काकू मला आठवली आणि मी खाली दगडाकडे बघत राहिले.

"मी सोडते," मालकीणबाई म्हणाल्या. "पन एकलीला नाय जमनार. तुमी दोगी पन सोडा."

भाभीनं कानाच्या पाळीला हात लावला. "कसम तेवढी घालू नका, मालकीणबाई. कसम मोडली की गुनाह दोनदा लागतो. नुसतंच सोडू."

माझी पंचाईत वेगळीच होती. घरच्यांच्या लेखी ज्या सवयीचा मला गंधही नव्हता ती सोडायची कशी आणि घरी चिडचिड झाली तर सांगायचं काय? पण त्या दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी मान हलवली.

नियम मालकीणबाईंनीच घातला. मशेरी बंद, पण बैठक बंद नाही. "येळ झाली की दगडावर यायचं. नाय बसलो तर जिची ती घरात एकलीच लावत बसंल," त्या म्हणाल्या. त्यात माझ्याकडे बघायची खरं तर गरज नव्हती.

आता पहिल्या दिवसांचं काय सांगू! मशेरी लावणाऱ्या कुठल्याही बाईला का लावतेस म्हणून विचारलंत, तर ती सांगेल पोट साफ होतं म्हणून. ही सबब नाही. आम्हा तिघींची पोटं दगड होऊन बसली. डोकं जड, हिरड्यांना खाज, आणि जीभ अशी तिखट झालेली की शाळेत दाखला मागायला आलेल्या एका गरीब पालकांना मी "दाखला काय झाडाला लागतो?" असं विचारलं. भाभीनं एका कालवणात दोनदा मीठ घातलं आणि वर ते कुणी संपवलं नाही म्हणून रडली. मालकीणबाईंनी तर एका सकाळी कशावरून तरी तडकून पाण्याचा कॉकच बंद केला. आमच्या शेजारचे काका तोंडाला साबण लावलेल्या अवस्थेत, डोळे मिटून जिन्यातून खाली आले. त्यांना त्या म्हणाल्या, "काय बघताव?" त्यांना बिचाऱ्यांना काहीच दिसत नव्हतं.

तरी आम्ही दगडावर येत होतो. तिघींची बोटं सवयीनं उभी, कोरडी, आणि तिघी एकमेकींच्या तोंडाचा वास घेतोय हे लपवत बसलेल्या.

मग एके दिवशी मालकीणबाई बाटलीतून काळी पूड घेऊन आल्या. "राखुंडी हाय. भाताचं तूस भाजलं, मीठ घातलं, लवंग घातली. तोंडाला नुसता चाळा."

आम्ही ती लावली आणि चमत्कार झाला. डोकं हलकं झालं, पोटं ताळ्यावर आली, भाभीचं कालवण सुधारलं. मी शाळेत त्या पालकांना बोलावून दाखला दिला आणि चहा पाजला. "मालकीणबाई, तुमच्या हाताला गुण आहे," मी म्हटलं. "ही बाजारात विकली तर सगळ्या बायकांची सुटेल." त्या लाजल्या. दोन-चार दिवसांत त्यांनी एक बाटली भरली, पळस्प्याला गेल्या आणि विहीणबाईंच्या समोर लेकीच्या हातात ठेवली. "मी सोडली," असं तिथं सांगून आल्या. "ही लाव, तुजीबी सुटंल." परत आल्या तेव्हा फाटकातून आत येताना त्यांची मान ताठ होती आणि बोट सगळ्यांना दिसेल असं वर होतं. इतक्या वर्षांत त्यांना ते असं उजळ माथ्यानं मिरवताना मी प्रथमच पाहिलं.

भाभीचं नाक फार तयार होतं. कुणाच्या घरी कुठली मासळी तळतेय हे ती जिन्यातून सांगायची. एका सकाळी तिनं राखुंडी बोटावर घेतली, नाकाजवळ नेली आणि तिथंच थांबली.

"मालकीणबाई, तूस कशात भाजलं?"

"खापरात."

"कुठल्या?"

मालकीणबाईंचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मशेरीचं खापर कधी धूत नाहीत. धुतलं तर भाजणीला चव येत नाही, असं सगळ्या जुन्या बायका मानतात. त्यांचं खापर तर सासूच्या वेळचं. तळाशी वर्षानुवर्षांच्या तंबाखूचा जाड थर बसलेला, आणि तूस खाली लागू नये म्हणून त्यांनी ते उलथन्यानं चांगलं खरवडत खरवडत भाजलं होतं. सासूच्या काळापासूनची मशेरी आम्ही राखुंडी म्हणून लावत होतो आणि सुटली म्हणून एकमेकींचं कौतुक करत होतो.

मला हसू फुटलं. भाभीनं "तौबा, तौबा" म्हणत तोंडावर ओढणी दाबली. मालकीणबाई हसल्या नाहीत. त्या आपल्या बोटाकडे बघत होत्या.

"पोरीला दिलीय ती," त्या म्हणाल्या. "पुन्ना माज्याच हातानं."

आमचं हसू तिथंच विरलं. मग मीच उपाय सुचवला. निरोप पाठवायचा, राखुंडीला ओल लागलीय, टाकून दे. पुढच्या वेळी नव्या भांड्यात भाजलेली न्यायची. कारण सांगायची गरजच काय? विहीणबाईंना कशाला कळायला हवं? असले उपाय मला चटकन सुचायचे. मी घरात रोज त्यावरच जगत होते.

मालकीणबाईंनी ऐकून घेतलं. "वयनी, तुमची मोरी माज्या आंगनात उतरली म्हनून झाकली गेली. माजी कुठं उतरंल?" मग उठल्या. "मी जाऊन सांगते. तुमी संगती चला. एकली गेले तर मदूनच परत फिरंन."

मी शाळेत रजा टाकली. आम्ही रिक्षानं निघालो. खापर त्यांनी गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. ते का आणलं, हे मी विचारलं नाही. पळस्प्याच्या फाट्याशी, गोव्याचा रस्ता वळतो तिथं, त्या म्हणाल्या, "फिरवा रिक्षा. नाय जमनार मना." रिक्षावाल्यानं मागं वळून बघितलं. मी त्याला पुढे घ्यायला सांगितलं आणि मालकीणबाईंचा हात धरला.

विहीणबाई ओटीवर सुपात तांदूळ पाखडत होत्या. मुलगी आतून आली. पोट चांगलंच पुढे आलं होतं, चेहरा मात्र ओढलेला. मालकीणबाई बसल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच त्यांनी बोलायला सुरुवात केली. आवाज इतका बारीक की ही आमची कॉक बंद करणारी बाई, हे सांगून खरं वाटलं नसतं.

"मी तुला दिली ती मशेरीच हाय. मना ठावं नव्हतं. खापर जुनंच घेतलं. मी सोडली म्हनून सांगून गेले, ते पन खोटं झालं. मी रोज लावत होते. तू ती टाकून दे. मना काय बोलायचं ते बोल, पन ती लावू नको."

सूप थांबलं. मुलगी आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात ती बाटली होती, गळ्यापर्यंत भरलेली, दिली तशीच.

"पयल्याच दिशी वासानं कळलं," ती म्हणाली. "मी लावलीच नाय."

"मग बोलली का नाय?"

"काय बोलू?" मुलीनं सासूकडे एकदा बघितलं. "मना वाटलं, तू मुद्दाम केलंस. सुटत नाय म्हनून राखुंडीचं नाव करून लावतेस, आनि मनाबी... कोनाला सांगू? तांदळाच्या कनगीत लपवून ठेवली. कोनाला दिसली तर तुलाच बोलतील."

म्हणजे इतके दिवस ती पोर आईची लाज कणगीत घालून, वरून झाकण लावून बसली होती. मालकीणबाई मटकन उंबऱ्यावर बसल्या. पदराचा बोळा तोंडात धरून त्या रडल्या. मुलगी त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. तिला वाकता येत नव्हतं, म्हणून तिनं नुसता आईच्या डोक्यावर हात ठेवला.

"आनि तुजी?" मालकीणबाईंनी खालूनच विचारलं.

"दवाखान्यातनं आले त्याच दिशी सोडली. तुज्यावरच्या रागानं."

विहीणबाई उठल्या, तांब्याभांडं घेऊन आल्या. "पानी तरी घ्या," एवढंच त्या म्हणाल्या. मग गोणपाटाकडे बोट करून त्यांनी विचारलं, "त्ये काय आनलंव?" मालकीणबाईंनी खापर पुढे केलं. मुलीनं ते हातात घेतलं, परसात नेलं आणि दगडावर आपटलं. त्याचा असा वास उठला की कोंबड्या लांब पळाल्या. खरं सांगायचं तर मी नाकानं तो वास खोल ओढून घेतला. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी टिकल्यांची डबी आणून मिस्टरांच्या समोर टेबलावर ठेवली. त्यांनी झाकण उघडलं, बघितलं, पुन्हा लावलं. "तरीच म्हटलं," ते म्हणाले, "एवढी हळद येते, पण भाजी कधी पिवळी होत नाही." ते हसले. मला हसता आलं नाही. त्यांना किती दिवसांपासून कळलं होतं, हे मी अजूनही विचारलेलं नाही.

दुसऱ्या सकाळपासून पुन्हा पहिल्यापासून. ते दिवस आधीच्यापेक्षा वाईट गेले. हातात बडीशेप, तोंडात ओवा, पोटात दगड. पण आता दगडावरून उठताना मी जिना रिकामा आहे का ते बघायचं सोडून दिलं होतं. एकीचा धीर सुटायला लागला की दुसरी तिला मुलीच्या बाळंतपणाचं काहीतरी काम सांगायची. आम्ही तिघींनी मिळून त्या बाळाची इतकी दुपटी शिवली, की पनवेलातल्या सगळ्या बाळांना पुरली असती. मालकीणबाई तडकायच्या, कॉक बंद करायच्या, मग स्वतःच उघडून वर हाक मारायच्या, "भरा बाई, भरा. माजं डोकं ठिकान्यावर नाय."

मुलगी बाळंतपणाला आली आणि तिला मुलगी झाली. लहानखुरी, पण आवाज आजीचा. घुटी उगाळायचं काम आजीचं. मालकीणबाई सहाणेवर बाळहिरडा, वेखंड, जायफळ मन लावून उगाळायच्या, पण बाळाला चाटवायची वेळ आली की करंगळीच्या शेजारचं बोट पुढे करायच्या. तर्जनी तशीच वर, बाजूला. मशेरी सुटून तेव्हा कितीतरी दिवस झाले होते. लिंबू लावून, राखेनं घासून त्यांनी ते बोट सोलून काढलं होतं. तरी ते त्या बाळाला लावत नसत. दुपट्याला लागलं तरी झटकन ओढून घ्यायच्या.

मुलगी ते रोज बघत होती. एका सकाळी मी खाली गेले होते, तेव्हा तिनं आईचं मनगट धरलं.

"आये, ह्ये बोट दे."

"नको गं. नासलेलं हाय ते."

"दे म्हनते ना."

तिनं ते बोट सरळ केलं, सहाणेवरच्या घुटीत बुडवलं आणि बाळाच्या तोंडात दिलं. बाळ चोखायला लागलं. इवल्या मुठीनं त्यानं ते बोट घट्ट धरूनही ठेवलं. मालकीणबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. हात मात्र मागं घेतला नाही. मी तिथून जायला हवं होतं, पण माझा पाय निघाला नाही.

पुढे आम्ही पनवेल सोडलं. भाभी आपल्या मिस्टरांकडे गेली. मालकीणबाई गेल्याचं मला उशिरा कळलं. मग पळस्प्याला जाऊन त्यांच्या मुलीला भेटून आले. त्यांच्या पुढच्या खोलीत मालकीणबाईंचा स्टुडिओत काढलेला फोटो आहे. नवी नऊवारी, दोन्ही हात गुडघ्यांवर, सगळी बोटं नीट टेकलेली आणि उजव्या हाताची तर्जनी तेवढी वर. फोटोवाल्यानं ती खाली घ्यायला सांगितलीच असणार.

नात आता कॉलेजात जाते. तिनं मला चहा आणून दिला आणि मी फोटोकडे बघतेय हे पाहून म्हणाली, "काकू, आजीचं ते बोट असं का हो? मी आईला किती वेळा विचारलं, ती सांगतच नाही."

मी मालकीणबाईंच्या मुलीकडे बघितलं. ती खाली बघत होती. मीही चहाच्या कपात बघत राहिले. इतकी वर्षं झाली, तरी तो शब्द आम्हा दोघींपैकी एकीलाही त्या पोरीसमोर उच्चारता येईना.

"तिचं बोट भरलेलं असायचं," शेवटी मुलगी म्हणाली.

"कशानं?"

मुलीनं फोटोकडे बघितलं.

"घुटीनं," ती म्हणाली.